गिटारचा बफर आणि ऑप-अँपची निवड

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एखादा विद्यार्थी इलेक्ट्रिक गिटार घेऊन रंगमंचावर येतो. गिटारचा स्वतंत्र अँप्लिफायर जवळ नसला तर ती सरळ सभागृहाच्या मिक्सरला जोडली जाते, आणि मग सर्वांच्याच ध्यानात येते की आवाज काही खुलत नाही. तारेचा टणत्कार नाहीसा होतो आणि आवाज घोंगडे पांघरल्यासारखा बद्द येतो. मिक्सरवरची ट्रेबलची कळ कितीही फिरवली तरी टणत्कार परत येत नाही, खरखर मात्र वाढते. यात दोष गिटारचा नसतो आणि मिक्सरचाही नसतो. दोघांच्या मधे एक छोटेसे मंडल हवे असते, ते नसते. या मंडलाला बफर म्हणतात. गिटारच्या आवाजाला निरनिराळे रंग देणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या ज्या डब्या असतात (त्यांना इफेक्ट पेडल म्हणतात), त्यांतील बहुतेकांच्या दाराशी असा एक बफर बसवलेला असतो.

बफरचे मंडल इतके सोपे आहे की अकरावी-बारावीचा विद्यार्थी ते एका दुपारी जोडू शकेल. आठ पायांची एक ऑप-अँप चिप, तीन-चार रोध, तीन-चार कपॅसिटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढेच साहित्य. प्रश्न येतो तो चिप निवडताना. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलेला मुलगा दुकानदाराला सांगतो, ‘कमी खरखरीचा द्या.’ दुकानदार त्याच्या हातावर एनई ५५३२ ठेवतो. ही चिप खरोखरच उत्तम आहे आणि कमी खरखरीबद्दलची तिची ख्याती खोटी नाही. तरीही या एका जागी ती टीएल ०७२ या साध्या, स्वस्त चिपपेक्षा जास्त खरखर करते. हे कसे, ते या लेखात पाहू.

पिकअपचा स्वभाव

बारावीच्या प्रयोगवहीत विद्युतघटाचा विभव मोजताना व्होल्टमीटरपेक्षा पोटेन्शिओमीटर का बरा, हा प्रश्न असतो. व्होल्टमीटर घटाकडून थोडा प्रवाह घेतो, तो प्रवाह घटाच्या अंतर्गत रोधातून जाताना काही व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, आणि मीटरवर कमी आकडा दिसतो. गिटार आणि मिक्सर यांचे नाते नेमके असेच आहे. फरक एवढाच की गिटारचा अंतर्गत रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो.

गिटारमधला पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की वेढ्यांतून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे विभव निर्माण होतो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत पहिली इलेक्ट्रिक गिटार आली, त्या वेळचे हे तत्त्व आजही बदललेले नाही. एकेरी कुंडलाच्या नेहमीच्या पिकअपचा रोध मीटरवर सुमारे ६ किलोओहम भरतो. पण इतक्या वेढ्यांमुळे त्याला २ ते अडीच हेन्री इतका इंडक्टन्सही असतो, आणि इंडक्टन्सचा विरोध वारंवारतेबरोबर वाढत जातो. अडीच हेन्री धरून गणित करा. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर ८२ हर्ट्झचा असतो. त्याला हा विरोध जेमतेम १३०० ओहम आहे, म्हणजे कुंडलाच्या रोधापेक्षाही कमी. पण टणत्कार जिथे असतो त्या ४ हजार हर्ट्झला तो ६३ हजार ओहम होतो.

आता हा पिकअप मिक्सरच्या १० किलोओहमच्या प्रवेशाला जोडू. खालच्या सुरांचा ६ आणि १० किलोओहममध्ये वाटा पडतो आणि मिक्सरला सुमारे ६२ टक्के विभव मिळतो. ४ हजार हर्ट्झला मात्र जेमतेम १५ टक्के मिळतो. म्हणजे खालच्या सुरांच्या मानाने टणत्कार एक चतुर्थांशच उरला. ट्रेबलची कळ फिरवून तो चौपट करता येतो हे खरे, पण तोवर मिक्सरची स्वतःची खरखर त्यात मिसळलेली असते आणि तीही चौपट होते. दाराशीच गमावलेले पुढे वसूल होत नाही ते यामुळे.

उलट प्रवेशाचा रोध १ मेगओहम ठेवला तर पिकअपकडून जवळजवळ काहीच प्रवाह घेतला जात नाही. मग आणखी एक गोष्ट घडते. गिटारची केबल हा एक लांबट कपॅसिटरच असतो, मीटरला सुमारे १०० पिकोफॅरडचा. पाच मीटर केबलचे ५०० आणि कुंडलाचे स्वतःचे शंभरएक, असे ६०० पिकोफॅरड अडीच हेन्रीबरोबर अनुस्पंदन करतात. त्याची वारंवारता काढली तर सुमारे ४१०० हर्ट्झ येते. या वारंवारतेपाशी विभव उलट थोडा उंचावतो. गिटारची जी ‘चमक’ वादकांना हवी असते ती बरीचशी याच उंचवट्यातून येते. दहा मीटरची केबल घेतली तर उंचवटा ३ हजार हर्ट्झच्या आसपास खाली सरकतो आणि आवाज जाडसर होतो. केबल बदलली की आवाज बदलतो असे वादक सांगतात तेव्हा आपण विज्ञानवाले थोडे हसतो. निदान गिटार आणि बफर यांच्यामधल्या केबलबाबत तरी हसू नये.

१ मेगओहम कुठून येतो?

ऑप-अँपचे निर्गम टोक त्याच्याच ऋण प्रवेशाला जोडले की बफर तयार होतो. धन प्रवेशावर जो विभव येईल तोच निर्गमावर मिळतो, पण आता त्यामागे पुरेसा प्रवाह देण्याची ताकद असते. बॅटरी एकच असल्याने धन प्रवेश शून्य आणि नऊ व्होल्ट यांच्या मधे कुठेतरी टांगून ठेवावा लागतो. त्यासाठी दोन रोधांनी मधला विभव तयार करायचा, एका कपॅसिटरने तो स्थिर करायचा, आणि तिथून धन प्रवेशापर्यंत एक रोध जोडायचा. हाच तो १ मेगओहम. गिटारचा संकेत ०.०२२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून आत येतो. या दोघांची सीमा ७ हर्ट्झच्या आसपास पडते, त्यामुळे ८२ हर्ट्झच्या सुराला धक्का लागत नाही.

या १ मेगओहमपाशी चिपची पहिली परीक्षा होते. प्रत्येक ऑप-अँप आपल्या प्रवेशातून थोडासा स्थिर प्रवाह घेतो किंवा सोडतो. त्याला बायस प्रवाह म्हणतात. १९६८ साली फेअरचाइल्ड कंपनीने बाजारात आणलेला आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत अजून ठाण मांडून बसलेला ७४१ घ्या. त्याचा बायस प्रवाह साधारण ८० नॅनोअँपिअर असतो, आणि एखाद्या नगात ५०० पर्यंत असू शकतो. ओहमचा नियम लावला तर १ मेगओहमवर ०.०८ ते ०.५ व्होल्टची घसरण होते. एनई ५५३२ चा बायस प्रवाह याहूनही जास्त, साधारण २०० आणि कमाल ८०० नॅनोअँपिअर. नऊ व्होल्टच्या संसारात ०.८ व्होल्ट ही काही सोडून देण्यासारखी रक्कम नाही. टीएल ०७२ च्या दाराशी मात्र साधे ट्रान्झिस्टर नसून फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर असतात. त्याचा बायस प्रवाह ६५ पिकोअँपिअर, म्हणजे एका नॅनोअँपिअरच्या पंधराव्या भागाइतका. त्याची घसरण मोजायला शाळेतला मल्टिमीटर पुरणार नाही.

जपानी ट्यूब स्क्रीमर या पेडलमध्ये ४५५८ ही चिप असते आणि तिच्यावर वादकांचा फार जीव आहे. तीही साध्या ट्रान्झिस्टरांची आहे, मग ती गिटारपुढे कशी चालते? उत्तर असे की ती गिटारच्या समोर येतच नाही. तिच्या आधी एक सुटा ट्रान्झिस्टर बफर म्हणून बसवलेला आहे. पेडलमध्ये अमुक चिप दिसली म्हणजे ती दाराशीच आहे असे समजू नये.

खरखरीचा हिशेब

आता मूळ मुद्दा. कोणताही रोध, त्यातून प्रवाह वाहत नसला तरी, त्यातील इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेमुळे सूक्ष्म खरखर निर्माण करतो. बेल प्रयोगशाळेत जॉन्सनने ती मोजली आणि नायक्विस्टने तिचे गणित मांडले. दोघांचे निबंध १९२८ साली एकत्र प्रसिद्ध झाले. खरखर ऐकण्याच्या पट्ट्याच्या रुंदीच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून तिचा आकडा दर वर्गमूळ हर्ट्झला इतके नॅनोव्होल्ट असा देतात. पुढे आम्ही नुसते नॅनोव्होल्ट म्हणू. साध्या तापमानाला १ किलोओहमची खरखर सुमारे ४ नॅनोव्होल्ट असते आणि ती रोधाच्या वर्गमुळाने वाढते. म्हणजे शंभर किलोओहमची दसपट, ४० नॅनोव्होल्ट.

ऑप-अँपच्या खरखरीचे मात्र दोन आकडे असतात. पहिला विभवाचा. टीएल ०७२ साठी तो १८ नॅनोव्होल्ट आणि ५५३२ साठी ५. दुकानदाराला, जाहिरातीला आणि विद्यार्थ्याला हाच आकडा ठाऊक असतो. दुसरा आकडा प्रवाहाचा असतो. चिपच्या प्रवेशातून जाणारा बायस प्रवाहही थरथरता असतो, आणि ती थरथर समोरच्या स्रोतातून गेली की तिचे पुन्हा विभवात रूपांतर होते. ५५३२ साठी हा आकडा दर वर्गमूळ हर्ट्झला ०.७ पिकोअँपिअर आहे. टीएल ०७२ साठी तो ०.०१, म्हणजे सत्तरावा भाग. स्रोत जितका जास्त ओहमचा, तितका हा दुसरा आकडा डोके वर काढतो.

या सगळ्या खरखरी एकमेकींशी असंबद्ध असल्याने त्यांची साधी बेरीज होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंवरून कर्ण काढतो तशी होते. ३ आणि ४ मिळून ७ नव्हे, तर ५. पायथागोरसचा इथे असा उपयोग आहे हे विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांना गंमत वाटते, आणि हिशेबही पटकन जमतो.

प्रथम खालचे सूर घेऊ. २०० हर्ट्झला पिकअपची स्वतःची खरखर १० नॅनोव्होल्ट. तीत टीएल ०७२ चे १८ मिळवले तर २१ होतात. ५५३२ चे ५ आणि तिच्या प्रवाहामुळे येणारे आणखी ५ मिळवले तर १२. इथे ५५३२ नि:संशय सरस. आता अनुस्पंदनाच्या ४ हजार हर्ट्झला या. इथे कुंडल आणि केबल मिळून फार मोठा रोध दाखवतात. गिटारवरच्या आवाजाच्या आणि टोनच्या २५० किलोओहमच्या कळा त्याला लगाम घालतात, आणि सगळे मिळून स्रोत सुमारे शंभर किलोओहमचा होतो. त्याची स्वतःची खरखर ४० नॅनोव्होल्ट. टीएल ०७२ चे १८ मिळवून ४४, म्हणजे चिपने जवळजवळ काहीच भर घातली नाही. ५५३२ चे मात्र ०.७ पिकोअँपिअर गुणिले शंभर किलोओहम, म्हणजे एकट्या प्रवाहाचेच ७० नॅनोव्होल्ट झाले. एकूण ८१. टीएल ०७२ च्या जवळजवळ दुप्पट.

दोघींची बरोबरी साधारण दीड हजार हर्ट्झच्या थोडी अलीकडे होते. त्याखाली ५५३२ पुढे आणि त्यावर मागे. यावर कोणी म्हणेल, मग निम्मे-निम्मे झाले. पण माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो ३ ते ४ हजार हर्ट्झच्या दरम्यान, म्हणजे पिकअपचे अनुस्पंदन जिथे येते नेमके तिथेच. शिवाय वादक गिटारवरची आवाजाची कळ मध्यावर आणतो तेव्हा सगळ्याच सुरांना स्रोत साठएक किलोओहमचा होतो, आणि ५५३२ चा खालचा फायदाही जातो. ५५३२ चा आकडा खोटा नाही, तो लहान ओहमच्या स्रोतासाठी आहे. मायक्रोफोनच्या दीड-दोनशे ओहमांसमोर, किंवा मिक्सरच्या आतल्या मंडलांत, आम्हीही तीच वापरू.

हे वर्गात करून पाहता येते. दोन ऑप-अँपच्या या आठ पायांच्या चिपा (टीएल ०७२, ५५३२, ४५५८) एकाच पायरचनेच्या असतात. म्हणून मंडलात चिप डकवून न टाकता सॉकेट बसवावे. एका ऑप-अँपचा बफर करावा आणि दुसऱ्याचा शंभरपट अँप्लिफायर. त्यासाठी १०० किलोओहम आणि १ किलोओहम घ्यावेत, आणि १ किलोओहमच्या खाली जमिनीकडे २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा. सारे पत्र्याच्या डब्यात बसवावे आणि डबा जमिनीला जोडावा, नाहीतर घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण सगळे झाकून टाकील. प्रथम प्रवेश एका तारेने जमिनीला जोडून दोन्ही चिपा आलटून पालटून ऐका. ५५३२ स्पष्टपणे शांत वाटेल. मग त्या तारेच्या जागी १०० किलोओहमचा रोध लावा. आता टीएल ०७२ शांत आणि ५५३२ गोंगाटी. चिपा त्याच, डबा तोच, फक्त समोरचा रोध बदलला. चिप बदलण्यापूर्वी बॅटरी काढायला मुलांना विसरू देऊ नये.

टीएल ०७२ ची खोड

याचा अर्थ टीएल ०७२ निर्दोष आहे असे नाही. तिच्या जुन्या, मूळ घडणीच्या चिपांना एक वाईट खोड आहे. त्यांचा प्रवेश खालच्या पुरवठ्याच्या साधारण ३ व्होल्टच्या आत गेला की निर्गम खाली जाण्याऐवजी एकदम वर उडी मारतो. ±१५ व्होल्टच्या मंडलात हे कधी कळतही नाही. नऊ व्होल्टच्या बॅटरीत मात्र प्रवेश ठरावीक पद्धतीने साडेचार व्होल्टवर टांगला, तर खाली फक्त दीड व्होल्टची जागा उरते. एकेरी पिकअप सामान्यतः शंभर-दोनशे मिलिव्होल्ट देतो. पण दुहेरी कुंडलाचा दणकट पिकअप आणि जोरात मारलेला झणकारा असेल तर एक व्होल्ट सहज ओलांडला जातो. त्यातच बॅटरी उतरून ७ व्होल्टवर आली की मध्य साडेतीनवर येतो आणि जागा उरते अर्धा व्होल्ट. मग प्रत्येक झणकाऱ्याबरोबर कडकड असा कर्कश आवाज येऊ लागतो. वादक पिकअपला दोष देतो, दुरुस्ती करणारा सॉकेटला.

उपाय सोपा आहे, पण फार थोड्या आकृत्यांत दिसतो. मध्य हा मध्यावर असलाच पाहिजे असे नाही. निर्गम वरच्या बाजूला साडेसात व्होल्टपर्यंत जाऊ शकतो आणि प्रवेशाची खालची सीमा ३ व्होल्ट आहे. मग टांगायची जागा त्यांच्या बरोबर मधे, सव्वापाच व्होल्टच्या आसपास हवी. विभाजकात वर ६८ किलोओहम आणि खाली १०० किलोओहम घातले की ५.३६ व्होल्ट मिळतात. एक रोध बदलल्याने खालची जागा दीड व्होल्टवरून सव्वादोनच्या पुढे जाते. याहून निश्चिंती हवी असेल तर ओपीए २१३४ घ्यावी. तिच्याही दाराशी फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर आहेत, खरखर ८ नॅनोव्होल्ट, आणि उलटी उडी मारण्याची खोड नाही. पण ती बरीच महाग आहे, आणि ४ हजार हर्ट्झला ४४ च्या जागी ४१ नॅनोव्होल्ट हा फरक कानाला कळणारा नाही.

बॅटरीचाही विचार करायला हवा. ५५३२ आणि ओपीए २१३४ साधारण ८ मिलिअँपिअर घेतात, टीएल ०७२ त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. टीएल ०६२ नावाची तिची काटकसरी बहीण अर्ध्या मिलिअँपिअरहून कमीत भागवते, पण तिची खरखर ४२ नॅनोव्होल्ट आहे. म्हणजे अनुस्पंदनापाशी पिकअपच्या बरोबरीची, आणि खालच्या सुरांना त्याच्या चौपट. गिटारच्या पोटातच बफर बसवून वर्षभर बॅटरी बदलायची नसेल, तर हा सौदा कोणी पत्करील. आम्ही पेडलसाठी पत्करणार नाही.

तक्त्यातल्या ज्या आकड्यावर सर्वांत जास्त वाद घातले जातात तो स्लू रेट, म्हणजे निर्गम किती वेगाने बदलू शकतो तो आकडा. त्याची इथे फारशी गरज नाही. एक व्होल्टचा, २० हजार हर्ट्झचा संकेत मायक्रोसेकंदाला ०.१३ व्होल्टपेक्षा जास्त वेग मागत नाही. बिचारा ७४१ सुद्धा ०.५ देतो. त्याला या जागेवरून काढायचे कारण बायस प्रवाह आहे, वेग नव्हे.

गिटार नसेल तर हाच बफर घेऊन पिएझो चकतीचा प्रयोग करता येतो. बझरमधली २७ मिलिमीटरची चकती तानपुऱ्याच्या भोपळ्याला किंवा नुसत्या बाकाला चिकटवावी. ही चकती म्हणजे सुमारे २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. इथे गिटारच्या उलट प्रकार होतो. मिक्सरच्या १० किलोओहमला ती सरळ जोडली तर ८०० हर्ट्झखालचे सूर गळतात आणि तानपुरा डब्यासारखा पत्र्याचा वाटतो. १ मेगओहमच्या बफरमधून जोडली तर सीमा ८ हर्ट्झवर जाते. मात्र दाराचा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चकतीच्या बरोबरीचा असल्याने सीमा दुपटीने वाढते. तिथे ०.१ मायक्रोफॅरड घालावा.

शेवटी एक अपवाद. १९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या फझ फेस या पेडलचा प्रवेश मुद्दामच कमी ओहमचा आहे. ते पिकअपकडून प्रवाह ओढते, आणि गिटारवरची कळ थोडी मागे घेतली की त्याचा फाटका आवाज स्वच्छ होतो, तो याच ओढाताणीमुळे. त्याच्या आधी आपला सुबक बफर लावला तर ही जादू जाते. अशा पेडलसाठी बफर नंतर लावावा.